रात सरंना

वाई
आषाढ लागला त्या दिवशी

चि. मुक्ता,


परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, सरणं आणि जाणं यांत फरक काय? दोन्हींचा अर्थ वेळ जाणं असाच ना?" तेवढंच विचारलं असतंस तर मी तिथल्या तिथे उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण तू त्यामागची हकीकत सांगितलीस. माणमधल्या तुझ्या आरोग्य केंद्रात आलेली एक म्हातारी तुला म्हणाली, "रात सरंना बगा." तू केसपेपरवर लिहिलंस, झोप येत नाही. मग तुझ्या सिस्टरनी खोदून विचारलं तेव्हा कळलं की डोळा लागायला तिला काही अडचण नव्हती. कमरेतली कळ तिला पडू देत नव्हती. अंथरुणावर बसून ती कोंबडा आरवायची वाट बघत होती.

हे ऐकल्यापासून तुला सविस्तर लिहायचं मनात होतं. पत्र उघडंच लिहिते आहे. तुझ्यासारखी कितीतरी मुलंमुली शहरात, इंग्रजी माध्यमात शिकून डॉक्टर होतात आणि बंधपत्राची सेवा करायला खेड्यात जातात. त्यांच्यासमोर बसलेला माणूस दुखण्याचं वर्णन करताना बहुतेक वेळा काळाबद्दल बोलत असतो. कधीपासून, किती दिवस, रात्र कशी गेली, दिवस कसा काढला. त्या बोलण्यात आकडा असतोच, पण आकड्याला जे क्रियापद चिकटलेलं असतं त्यात निम्मं दुखणं सांगितलेलं असतं. शाळेत मराठी शिकवण्यात माझी हयात गेली. मला औषधातलं काही कळत नाही, पण क्रियापदांबद्दल मी तुला नक्की सांगू शकते.

आधी 'जाणं' बाजूला करू, कारण ते सगळ्यांना येतं. वेळ जातो, दिवस जातो, वर्षं जातात. या क्रियापदात बोलणाऱ्याचं काही अडकलेलं नसतं. एसटी स्टँडवर बसलेला माणूस "वेळ जात नाही" म्हणतो तेव्हा त्याला कंटाळा आलेला असतो, त्याला वर्तमानपत्र दिलं तर वेळ जाईल. तुझ्या म्हातारीला वर्तमानपत्र देऊन तिची रात्र सरली नसती.

'सरणं' मुळात जागचं हलणं. तुझ्या केंद्रात बाकावर बायका दाटीवाटीनं बसतात तेव्हा एकमेकींना "जरा तिकडं सर की" म्हणताना तू ऐकलं असशील. संस्कृतातला सृ धातू तो हाच. सरिता त्याच्यापासून, संसारसुद्धा त्याच्यापासून. पण मराठीनं या हलण्याला आणखी एक अर्थ दिला, आणि घरात तोच जास्त चालतो. डब्यातलं तेल सरतं, मीठ सरतं, कणगीतली ज्वारी सरते. म्हणजे जे भरपूर होतं ते वापरता वापरता कमी होत गेलं आणि तळ दिसला. काळाला हे क्रियापद लावलं की तोही असाच साठा होतो. रात्र सरली म्हणजे संध्याकाळी पुढ्यात जी अख्खी रात्र होती तिचा कण न् कण संपला. म्हणून 'सरणं' त्याच्याच तोंडी येतं ज्यानं तो काळ आतून पाहिला आहे. जो बाहेर होता त्याच्यासाठी रात्र नुसती गेली.

आता या क्रियापदाची एक खोड बघ. मराठीत आपण म्हणतो, रात्र सरता सरत नाही, उन्हाळा सरता सरेना. एकाच धातूचं एक रूप आशेचं आणि लगेच दुसरं नकाराचं. असं दुहेरी बोलणं 'उलटणं' या क्रियापदाशी जमत नाही, 'उलटता उलटेना' कोणी म्हणत नाही. 'लोटणं' या क्रियापदाशीही जमत नाही. कारण या जोडरूपात काळ पुढे सरकताना दिसतो आहे, थोडा थोडा कमीही होतो आहे, आणि तरीही ज्याला सोसायचं आहे त्याला तो तेवढाच्या तेवढा वाटतो आहे. दुखणाइताच्या रात्रीचं याहून नेमकं वर्णन मला तरी दुसरं माहीत नाही. माणमध्ये त्याचं "सरंना" झालं, इतकाच फरक.

सगळा काळ सरत नाही, हेही ध्यानात ठेव. घड्याळाचे आकडे सरत नाहीत. बारा वाजून जातात, बारा उलटतात, पण बारा सरले असं कोणी म्हणणार नाही. मुदत सरते असं क्वचित ऐकू येईल, ती बहुधा संपते किंवा उलटते. सरतात त्या लांबी असलेल्या, अंगावरून जाणाऱ्या गोष्टी. रात्र, दिवस, उन्हाळा, श्रावण, वर्ष, आयुष्य. त्यामुळेच आपण डिसेंबरच्या शेवटी सरत्या वर्षाला निरोप देतो. 'उलटतं वर्ष' असा शब्दप्रयोग होऊच शकत नाही. उलटणं एका क्षणात होतं, सरण्याला वेळ लागतो. आणि सगळं करून थकल्यावर जे घडतं ते सरतेशेवटी घडतं. पुष्कळसं सोसून, उपाय करून झाल्यावरचा शेवट या एका शब्दात बसला आहे. तुझ्याकडे येणारा माणूस "सरतेशेवटी हितं आलो" म्हणाला तर त्याआधी त्यानं काय काय केलं हे विचारायला विसरू नकोस. झाडपाला, मेडिकलमधून आणलेली गोळी, मांत्रिक, दुसरा दवाखाना, यांतलं काहीतरी त्या शब्दाच्या आत असतं.

तू ज्या भागात आहेस तिथे 'सरणं' पावसाशीही बांधलेलं आहे. माण हा पर्जन्यछायेतला, कायम आभाळाकडे डोळे लावून बसलेला तालुका. तिथला शेतकरी जून-जुलैच्या तारखा सांगणार नाही, तो नक्षत्रं सांगेल. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. जूनच्या 7-8 तारखेला मृग निघतो, मग आर्द्रा, मग पुनर्वसू ज्याला गावात तरणा पाऊस म्हणतात, मग पुष्य म्हणजे म्हातारा, आणि असं करत हस्तापर्यंत. इथली क्रियापदं कानावर घे. नक्षत्र 'निघतं' किंवा 'लागतं'. पाऊस नाही आला तर ते 'कोरडं जातं'. आणि 'सरतं' तेव्हा पुढचं लागायचं असतं. "मृग कोरडा गेला" यात हिशेब मिटलेला आहे. "मृग सरला, आता आर्द्रा" यात अजून दोन आठवड्यांची आशा शिल्लक आहे. या दोन वाक्यांतला फरक तुझ्या बाह्यरुग्ण विभागातही तुला भेटेल, कारण एखाद्या घरात बी वाया गेलं की त्या घरातली म्हातारी माणसं औषधाचा पुढचा डोस आणायला येत नाहीत. मी सातारा जिल्ह्यातच राहिले, तिथल्या मुलांना शिकवलं, म्हणून एवढं सांगते.

'उलटणं' हे क्रियापद तुझ्या रोजच्या कामात सगळ्यांत उपयोगी आहे. त्याला एक सीमा लागते. पन्नाशी उलटते, मुदत उलटते, औषधाच्या बाटलीवरची तारीख उलटते. पान उलटावं तसं अलीकडचं पलीकडे होतं. आणि या क्रियापदाच्या मागोमाग पुष्कळदा 'तरी' येतं: आठ दिवस उलटले तरी ताप आहे, महिना उलटला तरी जखम भरेना. 'तरी' आलं की समज, बोलणाऱ्याच्या मनात एक मर्यादा होती. एवढ्या दिवसांत बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलं नाही. ती मर्यादा त्याला कोणी घालून दिली, हे विचार. आधीच्या डॉक्टरनं सांगितली होती की शेजारणीच्या अनुभवावरून त्यानं स्वतःच धरली होती? तेवढ्या एका प्रश्नानं पुष्कळ गोष्टी उलगडतात. उलट, "ताप आठ दिवस झाला" यात मर्यादा नाही, केवळ मोजणी आहे. 'होणं' हे मराठीतलं काळाचं सर्वांत साधं क्रियापद. आई जाऊन दहा वर्षं झाली, लग्नाला वीस वर्षं झाली. इथे काळ गेला असं आपण म्हणतच नाही, तो झाला म्हणतो. एखादं काम पुरं व्हावं तसा.

मोजणीचा विषय निघालाच आहे तर आठ दिवसांबद्दल सांगून ठेवते, कारण इथे गफलत होते. मराठीत 'आठ दिवस' म्हणजे बहुतेक वेळा एक आठवडा, आणि 'पंधरा दिवस' म्हणजे दोन. सोमवारपासून सोमवारपर्यंत दोन्ही सोमवार धरून मोजलं की आठ होतात, आणि आठवडा या शब्दातच तो आठ आहे. म्हणून "आठ दिस झालं" हे ऐकून कागदावर 8 लिहिण्याआधी गावच्या बाजाराचा दिवस विचार. मागच्या बाजाराला ताप होता का? त्याच्या आधीच्या बाजाराला? जुनं दुखणं असेल तर जत्रा विचार. शिखर शिंगणापूरची जत्रा चैत्रात असते, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्षात निघतो. खोकला रथाच्या आधीपासून की नंतर, याचं उत्तर माणूस क्षणात आणि अचूक देतो. "किती महिने?" विचारलंस तर तो अंदाज सांगेल, तोही तुला बरं वाटावं म्हणून.

बाळंतपणाच्या बायकांशी बोलताना तर क्रियापदांकडे दुप्पट लक्ष हवं. तिला 'दिवस गेले' म्हणजे ती गरोदर आहे. तिला 'दिवस राहिले' म्हणजेही ती गरोदरच आहे. गेले आणि राहिले एकाच अर्थानं वापरणारी आपली भाषा बाहेरून शिकणाऱ्याला गोंधळात पाडते हे खरं, पण आता तू गोंधळणार नाहीस. त्यानंतर महिने 'लागतात'. "आठवा लागलाय" म्हणजे सात पुरे झाले आहेत आणि आठवा सुरू आहे. सातवा सरून आठवा लागला, असं जुन्या बायका पूर्ण म्हणत. "आठ झाले" म्हणजे आठ पुरे. या दोन वाक्यांत जवळजवळ महिन्याचा फरक पडू शकतो, आणि तो किती मोठा हे मला तू सांगायला हवंस. त्याच रीतीनं मुलांची वयंही सांगतात: पाचवं सरलं, सहावं लागलं. आधार कार्डावरच्या जन्मतारखेनं 5 आणि आजीच्या तोंडी सहावं, दोन्ही बरोबर.

मग दिवस 'भरतात'. इथे थोडी थांबते, कारण हा मला आपल्या भाषेतला फार सुंदर भाग वाटतो. 'सरणं' म्हणजे काळ रिकामा होत जाणं, आणि 'भरणं' म्हणजे त्याच काळानं काठोकाठ होणं. दोन्हींचा शेवट एकच, पण एकात तळ दिसतो, दुसऱ्यात काठ. हे भरणं पूर्वी डोळ्यांना दिसत असे. घटिकापात्र तू पाहिलं नसशील. तांब्याची लहान वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. ती पाण्यानं भरलेल्या भांड्यात तरंगत ठेवायची. छिद्रातून पाणी आत येत राहतं, वाटी भरते आणि बुडते. बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे आजच्या हिशेबानं 24 मिनिटं. अशा 60 घटिकांचा एक दिवस-रात्र. लग्नाचा मुहूर्त साधायला हे पात्र ठेवत. अजूनही आपण कोणाला "घटकाभर टेक" म्हणतो तेव्हा त्याच वाटीच्या मापानं बोलतो. आणि एखाद्याची 'घटका भरत आली' म्हणतो तेव्हा ती वाटी बुडायला आली आहे असं म्हणतो.

आता तुझ्या वॉर्डात हे ऐक. एका खाटेवरच्या बाईबद्दल तिची सासू म्हणते, "तिचं दिस भरल्यात." आनंदाचं, घाईचं वाक्य, प्रसूती जवळ आली. दुसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्याबद्दल त्याचा मुलगा व्हरांड्यात हलक्या आवाजात म्हणतो, "आता दिस भरलं त्यांचं." शब्द तेच. आपल्या लोकांनी जन्माला आणि मरणाला एकच क्रियापद दिलं आहे, आणि त्यात मला मोठा समंजसपणा दिसतो. त्या मुलानं मनाशी मान्य केलं आहे. त्याच्याशी तू पुढच्या उपचारांबद्दल बोलशील तेव्हा तो कुठपर्यंत पोचला आहे हे तुला आधीच कळलेलं असेल. नऊ महिने नऊ दिवस हा जुना हिशेबही अगदीच भाबडा नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, 280 दिवस, असं तूच मला शिकवलं होतंस. तुमचं गणित आणि आमच्या आज्यांचं गणित यांत अवघ्या दोन दिवसांचं अंतर आहे.

आतापर्यंतच्या सगळ्या क्रियापदांत काळ आपला आपण चालतो, माणूस फक्त बघतो. पण दुसरं एक कुटुंब आहे, त्यात माणूस कष्ट करतो. दिवस काढणं, दिवस ढकलणं, दिवस कंठणं. घालवणं त्यातलंच, पण ते सुखाचं, सुट्टी मजेत घालवतात. कंठणं आता बोलण्यात कमी झालं, पुस्तकात उरलं. ढकलणं मात्र खेड्यात जिवंत आहे, आणि "ढकलायचं आपलं" असं कोणी म्हटलं की त्या माणसाकडे नुसतं रुग्ण म्हणून बघू नकोस. पैशाची ओढाताण, एकटेपण, मुलानं पाठ फिरवणं, काहीतरी त्याच्या दुखण्याच्या मागे आहे. गोळ्या देऊन ते जाणार नाही, पण ते आहे एवढं तुला ठाऊक असायला हवं.

'काढणं' सगळ्यांत मोलाचं. कारण त्याच्या आधी एक शब्द येतो आणि तो शब्द निदान सांगतो. रात्र जागून काढली. रात्र कण्हून काढली. रात्र बसून काढली. तूच मला एकदा सांगितलं होतंस की हृदय थकलेल्या माणसाला आडवं झालं की धाप लागते, म्हणून तो उशा रचून किंवा ताठ बसून रात्र काढतो, दम्याच्या माणसाचंही तसंच. बघ, तुमच्या पुस्तकात ज्या लक्षणाला ग्रीक नाव आहे ते आपला शेतकरी तीन शब्दांत सांगून जातो. "रात बसून काढली" हे ऐकलं आणि त्याचं "रात्री झोप नाही" असं भाषांतर केलं, तर त्यातलं 'बसून' गळून पडतं. तुझ्या म्हातारीच्या बाबतीत असंच काहीसं झालं. यात तुला दोष देत नाही. मराठी नीट समजणं म्हणजे अर्थ कळणं, असं आपल्याला शाळेपासून वाटत आलेलं असतं. पण रुग्णाच्या शब्दाचा अर्थ लावताना त्याचा आकार हरवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

रात्र बसून काढणाऱ्याला ज्याची आस असते त्यासाठीही मराठीत खास क्रियापदं आहेत. उजाडलं. फटफटलं. आणि उलट्या टोकाला सांजावलं. वाक्य पुरं झालं, पण कर्ता कुठे आहे शोध. सापडणार नाही. व्याकरणात यांना भावकर्तृक क्रियापदं म्हणतात. क्रिया घडते पण ती करणारं कोणी नाही, तिचा भाव हाच तिचा कर्ता. मळमळतं, गडगडतं हीही त्याच जातीची, म्हणजे पोटातलं ढवळणं आणि आभाळातलं फटफटणं आपल्या व्याकरणानं शेजारी शेजारी बसवलं आहे. वर्गात हा भाग शिकवताना मुलं नेहमी विचारत, "बाई, उजाडलं म्हणजे काय उजाडलं?" मी म्हणायची, रात्रभर ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला विचार, त्याला हा प्रश्न पडत नाही.

दुपारचंही एक क्रियापद तिकडे ऐकू येईल, 'टळणं'. दुपार टळून गेल्यावर या, असं लोक म्हणतात. संकट टळतं, अपघात टळतो, आणि दुपार टळते. टळटळीत उन्हाच्या मुलखात दुपार हे एक संकटच असतं, ते डोक्यावरून गेलं की माणसं घराबाहेर पडतात. तुझी ओपीडी दुपारी ओस पडते आणि पाचनंतर गर्दी होते अशी तक्रार तू करत होतीस. तिचं उत्तर इथे आहे.

'वेळ' या शब्दाचं एक गुपित सांगते. हा शब्द पुल्लिंगीही आहे आणि स्त्रीलिंगीही, आणि लिंग बदललं की अर्थ बदलतो. 'माझा वेळ गेला' म्हणजे तास वाया गेले. 'माझी वेळ गेली' म्हणजे ठरलेली घडी, संधी हातची गेली. तो वेळ मोजता येतो, ती वेळ फक्त येते, जाते किंवा टळते. म्हणून नातेवाईक "वेळ आली" म्हणतात तेव्हा घड्याळाकडे बघू नकोस. आणि मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाच्या घरचे तुझ्यापाशी येऊन "काळ आला होता पण वेळ आली नव्हती" असं म्हणतील. तुझे हात त्यात होते याचा त्यांना विसर पडला असं समजून खट्टू होऊ नकोस. काळ म्हणजे यम, तो दारापर्यंत आलेला होता हे ते कबूल करतात. वेळ आली नव्हती कारण तू तिथे होतीस, हे म्हण सांगत नाही, पण ते दुसऱ्या दिवशी तुझ्यासाठी शेंगा घेऊन येतात तेव्हा तेच सांगत असतात.

'लोटणं' राहिलं. त्याबद्दल फार नाही. वर्षं लोटली, काळ लोटला, हे दुरून बघणाऱ्याचं क्रियापद. धुराचे लोट, पाण्याचे लोट असतात तसं, एकेक दिवस वेगळा दिसत नाही. लोटलेल्या काळाबद्दल माणूस गोष्ट सांगतो, तक्रार सांगत नाही. दवाखान्यात ते तुला क्वचित भेटेल. म्हातारं माणूस बरं होऊन घरी जायला निघालं आणि तरुणपणातलं काही सांगत बसलं, तर भेटेल.

तू म्हणालीस, "माझी मराठी कच्ची आहे, मला हे कानाला कळत नाही." मला ते पटत नाही. मराठीचा जो कोश मी आयुष्यभर उशाशी ठेवला तो जेम्स मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं केला. मराठी शास्त्री-पंडितांना बरोबर घेऊन तो वर्षानुवर्षं शब्द गोळा करत राहिला. पहिली आवृत्ती 1831 साली निघाली, वाढवलेली दुसरी 1857 साली. ज्याची ही भाषा नव्हती त्यानं ती कान देऊन इतकी मिळवली. तुझी तर ही आईची भाषा आहे. दाते आणि कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सातही खंड माझ्याकडे आहेत, ते मी तुझ्यासाठीच ठेवणार आहे. पण 'सरणं' तुला कोशात जेवढं सापडेल त्याहून जास्त त्या बाकावर बसलेल्या बायका शिकवतील.

एक काम मात्र कर. रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहावी, असं तुम्हालाही शिकवतात ना? मग खरंच त्याच्याच शब्दांत लिही. केसपेपरवर वरच्या ओळीत देवनागरीत 'रात सरंना', आणि तिच्याखाली तुझं इंग्रजी. तुझ्यानंतर त्या खुर्चीवर जो बसेल त्याला दोन्ही वाचता येतील. आणि सकाळी राऊंडला जाशील तेव्हा "झोप लागली का?" याच्या ऐवजी "रात्र कशी काढली?" असं विचारून बघ. पहिल्याचं उत्तर हो किंवा नाही येतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला माणूस सुरुवातीपासून सुरुवात करतो. तेवढा वेळ तुला रोज मिळणार नाही, गर्दी असते हे मला ठाऊक आहे. पण निदान ज्या खाटेपाशी काही जुळत नसेल तिथे तरी.

त्या आजींना कमरेसाठी कुठे पाठवलंस, एक्स-रे झाला का, ते कळव. त्यांच्या गावाकडे 'सरणं' आणखी कशाकशाला लावतात हेही विचारून ठेव. दुखणं सरलं असं म्हणतात का, की ते ओसरलंच म्हणतात? ताप, सूज, पूर ओसरतात हे मी आयुष्यभर ऐकलं, पण कळ सरते असं तिकडे कोणी म्हणत असेल तर मला तो शब्द हवा आहे. पंचमीला येशील तेव्हा लिहून आण. बाजरी नवी आली की पाठवते.

तुझी,
मावशी